बर्फ नसलेला हिवाळा : अकोल्यातील भटकंतीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिवाळी साहस म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचं साधन सोबत ठेवणं बंधनकारक आहे. तिथे तयारीशिवाय कुणी पायांत स्की चढवत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ना बर्फ, ना अस्वलं. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि सांदण दरीकडे निघालेले कितीतरी जण एका पातळ जर्किनवर भागवतात.

गैरसमज : थंडीने जीव जातो तो पारा शून्याखाली गेल्यावरच.

वस्तुस्थिती : शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. बाहेर १० अंश असतानाही ओले कपडे आणि वारा एकत्र आले की ते पुरतं. चढताना घामाने भिजलेला सुती टी-शर्ट शिखरावर अंगाला चिकटतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेइतकं गार पाणी असतं. प्रदक्षिणा घालून ओलेत्यानेच वाऱ्यावर येणं धोक्याचं.

अंग थरथरणं, जीभ जड होणं, बटण लावताना बोटं न वळणं ही पहिली लक्षणं. अशा वेळी आधी कोरडे कपडे, मग गरम गोड चहा. दारू अजिबात नको. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

गैरसमज : उंचावर गारठा जास्त, म्हणून धरणाकाठचा तंबू उबदार.

वस्तुस्थिती : उंचीबरोबर तापमान उतरतं, साधारण किलोमीटरमागे साडेसहा अंश. कळसूबाई तर १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वोच्च शिखर. पण निरभ्र, निवांत रात्री हा हिशेब उलटू शकतो. जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची थंड, जड हवा उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. म्हणून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी पहाटे तंबूचं कापड दवाने निथळत असतं. तंबू पाण्यापासून दूर, जरा उंचवट्यावर लावावा. पाठीखाली जाड मॅट हवीच. अंगावरचं पांघरूण कितीही चांगलं असलं तरी जमीन खालून ऊब शोषत राहते.

गैरसमज : सांदण ही आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी.

वस्तुस्थिती : जाहिरातींत हे वाक्य सर्रास दिसतं, पण त्याला आधार नाही. तिबेटमधल्या सांगपो घळईची सरासरी खोलीच दोन किलोमीटरहून जास्त आहे. सांदणची खोली काहीशे फुटांची. साम्रद गावाजवळच्या या अरुंद नाळेचं मोठेपण क्रमांकात नाहीच. तळाशी ऊन जेमतेम पोहोचतं, हिवाळ्यातही काही ठिकाणी पाण्यातूनच जावं लागतं आणि पुढे दोर लावून कातळ उतरावे लागतात. अवकाळी पावसाची चिन्हं असतील, तर नाळेत उतरूच नये.

गैरसमज : अनुभवी माणसाला कड्याची भीती नाही.

वस्तुस्थिती : जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या मोहिमेत दरीत कोसळून मृत्यू झाला. आयुष्य डोंगरात घालवलेला माणूस गेला. मग केवळ फोटोसाठी कड्याच्या टोकाशी पाय सोडून बसणाऱ्या नवख्यांना वेळीच मागे ओढायला हवं.

गैरसमज : शेकोटीशिवाय हिवाळी मुक्काम नाही.

वस्तुस्थिती : हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जानेवारीत गवत वाळून काडी झालेलं असतं. एक ठिणगी डोंगरउतार जाळू शकते. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तंबूत कोळशाची शेगडी नेणं तर आणखी घातक, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

कळसूबाईला बारी, हरिश्चंद्रगडाला पाचनई आणि सांदणला साम्रद ही पायथ्याची गावं. तिथल्या वाटाड्याला सोबत घ्यावं, अंधारायच्या आत मुक्काम गाठावा आणि पाठपिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.