शेवटचे तीस फूट

१९५८ साली हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'वर चित्रपट निघाला. स्पेन्सर ट्रेसी म्हातारा कोळी झाला होता. पडद्यावर तो एकटा, होडी एवढीशी, आणि समोर पाण्यातून उसळ्या घेणारा अजस्र मार्लिन. उसळ्या खऱ्या आहेत, मासाही खरा आहे. फक्त तो त्या म्हाताऱ्याच्या समुद्रातला नाही. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातल्या काबो ब्लांकोसमोर आल्फ्रेड ग्लासेल नावाच्या अमेरिकी तेलसम्राटाने गळाला लावलेला तो काळा मार्लिन. वजन १,५६० पौंड, म्हणजे सातशे किलोच्या वर. पावणेदोन तासांच्या झुंजीत तो ४९ वेळा पाण्याबाहेर आला आणि ते सगळं कॅमेऱ्यात उतरलं. नौका चालवायला कप्तान होता, मासा बाजूला घ्यायला खलाशी होते. एकट्या माणसाची गोष्ट सांगायला चित्रपटवाल्यांना अख्ख्या नौकेचा मासा उसना घ्यावा लागला!

या उसनवारीत या खेळाची सगळी गोम आहे. मोठ्या माशांच्या विक्रमांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन १९३९ साली स्थापन झाली. तिचा मुख्य नियम असा की, माशाने गळ घेतल्यापासून तो काठाला येईपर्यंत रॉडला आणि रीलला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. १९७० च्या सुमारास हवाईत ओआहू बेटाजवळ १,८०५ पौंडांचा निळा मार्लिन निघाला. आजवर रॉड-रीलवर आलेला तो सर्वांत जड मार्लिन म्हणून सांगितला जातो, पण विक्रमांच्या यादीत त्याला जागा नाही. रॉड एकापेक्षा जास्त माणसांनी धरला होता. म्हणजे कागदावर ही झुंज एकाची आणि एकाचीच.

प्रत्यक्षात काय असतं? खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेला एक हौशी गृहस्थ रील फिरवतो. त्याला मासा दिसेल अशी नौका ठेवायची, मासा पळाला की मागे घ्यायची, खाली बुडाला की पुढे काढायची, हे कप्तान करतो. मासा जवळ आला की जाड दोरीला हात घालतो तो वायरमन. (आपल्याकडचा, खांबावर चढणारा नव्हे. पण जीव धोक्यात घालण्यात दोघे सारखेच.) शेवटी आकडी मारणारा चौथा. नियम फक्त रॉडपुरता बोलतो, बाकीच्या तीन माणसांच्या घामाबद्दल तो गप्प आहे.

खरे एकटे होते ते क्यूबाचे कोळी. हवानाच्या पूर्वेला कोहीमार नावाचं गाव आहे. तिथले मच्छीमार लहान होडीतून गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहात जात आणि वेगवेगळ्या खोलीवर दोऱ्या सोडून वाहत राहत. रॉड नाही, रील नाही, इंजिन नाही. हातात दोरी. हेमिंग्वेने 'एस्क्वायर' मासिकाच्या एप्रिल १९३६ च्या अंकात अशाच एका म्हाताऱ्याची हकिगत थोडक्यात लिहिली होती. काबान्यासच्या समुद्रात एकट्याने मोठा मार्लिन लावला, माशाने होडी दूर ओढत नेली, दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो पूर्वेला साठ मैलांवर सापडला. होडीच्या कुशीला माशाचं डोकं आणि पुढचा भाग बांधलेला. शार्कांनी खाऊन उरलेलाच ऐवज आठशे पौंडांचा होता. त्या परिच्छेदातून सोळा वर्षांनी कादंबरी झाली.

आपण ती वाचली ती 'एका कोळियाने' म्हणून. पु. ल. देशपांड्यांचा अनुवाद १९६५ चा. शाळेतल्या कवितेतला जाळं विणणारा कोळी आणि समुद्रावरचा कोळी यांची अशी गाठ मारून देणं मराठीलाच जमलं असतं. आणखी एक गोष्ट मराठीने आपसूक निभावून नेली. हेमिंग्वेचा अठरा फुटी मासा नर आहे. निळ्या मार्लिनचा नर क्वचितच दीडशे-एकशेसाठ किलोंच्या पुढे जातो. जे पाचशे-सहाशे किलोंचे राक्षस निघतात त्या सगळ्या माद्या. मराठीत मासा मुळातच पुल्लिंगी, त्यामुळे पु.लं.ना तिथे अडखळावं लागलं नसणार. मीही इथे 'तो'च म्हणतो आहे.

कोकणात दोरीला गळ लावून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. मालवणच्या धक्क्यावर बसून मीही गरवलं आहे. वीतभर मासा लागला तरी दोरीतून बोटाला जो झटका बसतो तो दिवसभर आठवतो. पण इथल्या लहान होडीला मार्लिन का सापडत नाही, याचं उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. बॉम्बे हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, आणि तिथेही पाणी जेमतेम पाऊणशे मीटर. उथळ समुद्रबूड जमीन इतकी लांब पसरली आहे की निळं, खोल पाणी गाठेपर्यंत लहान होडीचं तेलच संपेल. अरबी समुद्रात मार्लिन आहे, पण त्याचा पत्ता आपल्या दारापासून फार लांब.

हवाईच्या मोठ्या बेटावरच्या कोना किनाऱ्याला तो पत्ता दाराशी आहे. ज्वालामुखीचा उतार तसाच समुद्रात घुसतो. बंदर सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरांत तळ हजार मीटर खाली. वर मौना लोआ ४,१६९ मीटर, शेजारी हुआलालाई. पूर्वेकडून सुटलेला व्यापारी वारा हे डोंगर अडवतात. डोंगरांच्या आडोशाला समुद्र बऱ्याचदा तळ्यासारखा पडलेला असतो. १९५४ साली हजार पौंडांवरचा पहिला निळा मार्लिन रॉडवर आला तो याच बेटांच्या पाण्यात, आणि १९५९ पासून कोनात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. स्पर्धेतल्या चकचकीत नौकांचं वर्णन पुष्कळ झालं आहे. पहाटे गाडीमागे ट्रेलरवर अठरा-वीस फुटी होडी ओढत धक्क्यावर येणारा, ती एकट्याने पाण्यात लोटणारा माणूस मला जास्त ओढ लावतो.

त्याची तयारी बघावी. चार-पाच दोऱ्या पसरण्याची चैन त्याला परवडत नाही. दोन, फार तर तीन. प्रत्येक दोरीमागे रेझिनच्या डोक्याचं, रबरी झिरमिळ्यांचं ल्युअर, म्हणजे खोटं आमिष. सात ते नऊ नॉटच्या वेगाने ओढलं की ते पाण्याखाली जातं, धुरासारखे बुडबुडे सोडतं, परत वर येतं. ऑटोपायलट असला तर उत्तम, नसला तर सुकाणू बांधून ठेवायचं. मनगटाला किंवा कमरेला इंजिनची दोरी: माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. ही दोरी विसरलेल्या माणसाने पाण्यात डोकं वर काढून आपलीच होडी सात नॉटने दूर जाताना पाहायची. फुगणारं जाकीट अंगात आणि उपग्रहाला हाक मारणारा लहानसा बीकन खिशात. जेवणाच्या डब्यापेक्षा या तीन गोष्टी आधी.

मग एखाद्या क्षणी रील किंचाळतं. मागे पाण्यात जांभळी-निळी चमक. चवताळलेल्या मार्लिनच्या अंगावरचे पट्टे खरोखरच पेटल्यासारखे दिसतात. नौकेवर चार माणसं असती तर चौघांनी एकदम धावपळ केली असती. इथे एकच माणूस, आणि त्याच्या डोक्यात क्रम ठरलेला. इंजिनचा वेग कमी, पण गिअर काढायचा नाही. होडी थांबली तर मासा खाली येईल आणि दोरी पंख्यात जाईल. बाकीच्या दोऱ्या गुंडाळून आत. मग कमरेचा पट्टा, हार्नेस, आणि शेवटी रॉड. तोवर दोन-तीनशे मीटर दोरी गेलेली असते. नियम म्हणतो, रॉड खोबणीतून शक्य तितक्या लवकर काढा. एकट्या माणसाचं 'शक्य तितक्या लवकर' वेगळं असतं, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं अशी आशा आहे.

रीलवरचा ड्रॅग, म्हणजे सुटत्या दोरीला लावलेला ब्रेक, साधारण दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात. ऐंशी पौंडी दोरीला सव्वीस-सत्तावीस पौंड, म्हणजे बारा किलो. आकडा फार वाटत नाही. पण बारा किलोंची पिशवी सहा फुटी वाकलेल्या काठीच्या टोकाला टांगा, हलत्या होडीत उभे राहा आणि तासभर तिला खालीवर करा. पलीकडे ज्याच्याशी गाठ आहे त्याच्या डोळ्यांच्या एका स्नायूचं चक्क शेगडीत रूपांतर झालेलं आहे: तो भाग उष्णता तयार करतो आणि खोल, थंड पाण्यातही डोळे नि मेंदू गरम ठेवतो. आपण घामाने आंधळे, तो खाली स्वच्छ बघतोय.

पण इथवर तरी एकटा माणूस पोचू शकतो. खरी गाठ पुढे आहे. दोरीच्या टोकाला माशाच्या घर्षणाला टिकेल असा जाड नायलॉनचा लीडर असतो. मोठ्या दोऱ्यांसाठी नियमाने तो जास्तीत जास्त तीस फूट. रीलने मासा इथवर येतो. पुढचे तीस फूट हाताने. वायरमन हातमोज्यावर लीडरचा वेढा घेतो, ओढतो, दुसऱ्या हाताने दुसरा वेढा. वेढा असा घ्यायचा की मूठ उघडताच सुटला पाहिजे. तो न सुटल्यामुळे वायरमन माशाबरोबर पाण्यात ओढले जाऊन मेले आहेत, आणि तेही मागे तीन सोबती उभे असताना.

एकट्या माणसाला ही कसरत अशी करावी लागते: ड्रॅग सैल, रॉड परत खोबणीत, पाय कठड्याखाली रोवलेले, डाव्या हातात लीडर. वेढा घ्यायचाच नाही, नुसती मूठ आवळायची; मासा उसळला तर सोडून द्यायचा आणि सगळं पहिल्यापासून. उजव्या हाताला त्याच क्षणी सुकाणू, कात्री आणि फूटभर पुढे येणारी माशाची चोच, तिन्ही सांभाळायची. काही जण पाच-सहा वेळा मासा असा जवळ आणतात आणि पाच-सहा वेळा सोडतात. रॉडवरची झुंज एका तासाची असेल तर ही शेवटची खटपट कधी कधी तेवढ्याच वेळाची.

मासा मारायचा ठरवला तर पुढे काय? हवाईत मार्लिन खातात, धुरी देऊनही खातात. अमेरिकेच्या २०१२ च्या कायद्याने या माशांची विक्री जवळपास सगळीकडे बंद केली, पण हवाईत ती चालू राहिली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर मात्र तिथला मासा तिथेच विकावा लागतो. म्हणून शे-दीडशे पौंडांचा मार्लिन लहान होडीवाल्याच्या इंधनाचा आणि बर्फाचा खर्च भागवतो. मात्र तीनशे किलोंचं धूड एकट्याने होडीत घेता येत नाही. शेपटीला दोरखंड टाकून कुशीला बांधायचं आणि हळूहळू किनारा गाठायचा, शार्क आधी येतात की बंदर आधी येतं ते पाहत. १९३६ च्या त्या म्हाताऱ्याचा हिशेब ९० वर्षांत बदललेला नाही. म्हणून अनेक एकांडे मोठा मासा सोडतात. त्याला भूतदया म्हणायला माझी हरकत नाही, पण त्यात अंकगणित बरंच आहे.

सोडण्यालाही हात लागतात. मार्लिनला एका जागी राहून कल्ल्यांतून पुरेसं पाणी घेता येत नाही. पोहत राहिला तर श्वास. दमलेला मासा तसाच सोडला तर बुडून मरतो. म्हणून होडी दोन नॉटने पुढे चालू ठेवायची, कठड्यावर पोट टेकवून वाकायचं, चोच मुठीत धरायची आणि त्याला होडीबरोबर चालवायचं. फिकट, मळकट पडलेल्या अंगावर निळा रंग परत चढायला लागतो. मुठीतली चोच आधी थरथरते, मग वळायला लागते. गळ तोंडातून सहज निघण्यासारखा नसेल तर लीडर जवळून कापायचा. गळ गंजून पडतो.

मग मूठ उघडायची. पुढची सगळी झटापट अर्ध्या सेकंदाची असते, आणि तिला साक्षीदार नसतो. कादंबरीतल्या म्हाताऱ्याने निदान सांगाडा बांधून आणला होता, तरी किनाऱ्यावरच्या पर्यटक बाईला तो शार्कचा वाटला. आजचा एकांडा कपाळावर कॅमेरा बांधतो. घरी येऊन तो चित्रफीत बघतो तेव्हा तीत बहुतेक आकाश असतं, कठडा असतो, आपलाच धापा टाकण्याचा आवाज, आणि शेवटी भिंगावर पाण्याचा एक मोठा थेंब, ज्याच्या मागे काहीतरी निळं पुसट होत जातं.