रेवासागर आणि भरतीची मुदत

जबलपूरच्या ग्वारीघाटावर माघ शुद्ध सप्तमीला, नर्मदाजयंतीच्या सायंकाळी, द्रोणांत ठेवून पाण्यावर सोडलेले असंख्य दिवे एकामागून एक तिलवाराघाटाच्या बाजूला निघून जातात. आणि ज्याचे सारे आयुष्य या घाटाच्या आश्रयाने गेले आहे, त्या माझ्यासारख्या मनुष्याची अशी दृढ समजूत होऊन बसते की, नदी म्हणजे एकाच दिशेने जाणारे पाणी. पावसाळ्यात ती रौद्र होते, भेडाघाटच्या संगमरवरी घळीतील नौकाविहार तेव्हा बंद ठेवावा लागतो, धुवांधारचा प्रपात पुराच्या पाण्यात दिसेनासा होतो. परंतु दिशा म्हणून काही बदलत नाही. ही समजूत मी अनेक वर्षे बाळगली. ती मोडली विमलेश्वरच्या खाडीकाठी, जेथे हीच रेवा, म्हणजे नर्मदा, दिवसातून दोन वेळा मागे वळते.

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने नदी नेहमी उजव्या हाताला ठेवावयाची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, हा नियम महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक आहे. परंतु दक्षिण तटाने चालत आलेल्या परिक्रमावासीयापुढे भरुच जिल्ह्यात हांसोटच्या पलीकडे, विमलेश्वरपाशी, भूमीच संपते, आणि तेथून उत्तर तटावरील मीठी तलाईला, म्हणजे दहेजच्या परिसरात, पोहोचावयाचे तर नदी न ओलांडता तिच्या मुखाबाहेरून, समुद्रावरून, वळसा घालून जावे लागते. यालाच रेवासागर म्हणतात. दोन हजार सहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या पदयात्रेतील एवढाच भाग जलमार्गाचा. यंत्राच्या होडीने तीन-चार तासांचा. यात्रावर्णनांत त्याला बहुधा एखादे पान मिळते, आणि त्या पानावर लाटा, भय व नामस्मरण यांचेच वर्णन असते. होडी त्या दिवशी, त्याच घटकेला का सुटली, याचा विचार क्वचितच आढळतो. आणि मला तर सारी विद्या त्याच प्रश्नात साठवलेली दिसते.

मी पोहोचलो तेव्हा खाडीत पाणीच नव्हते. करड्या, तेलकट चिखलात एक लाकडी होडी कुशीवर कललेली होती, तिच्या तळाला शिंपले चिकटलेले होते, आणि चिखलातील असंख्य बिळांतून बारीक खेकडे वर येऊन पुन्हा आत जात होते. एका वयस्क खलाशाने कडेला बांबूची काठी रोवली, तिला हातभर उंचीवर एक चिंधी बांधली आणि हिंदी-गुजरातीच्या मिश्रणात आम्हांला सांगितले की, “पाणी या चिंधीला लागले की उठा, तोवर निजा.” पहाटे केव्हातरी जाग आली ती कसल्याशा बारीक बुडबुडण्याने. चिखलाच्या घळींतून पाण्याच्या जिभा वर सरकत होत्या. अर्ध्या तासात होडी करकरत सरळ झाली, आणि चिंधी भिजली तेव्हा, सायंकाळी जेथे मी पायी हिंडलो होतो तेथे, माझ्या छातीइतके पाणी होते.

हे सारे पंचांगाने बांधलेले आहे. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी, सुटसुटीत रीत आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसाही तेवढ्याच वाजता आणि रात्रीही साधारण तेवढ्याच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते, इतकेच या गणिताचे मर्म. मात्र मुंबईला लागू पडणारा हा आकडा खंबातच्या आखातात तसाच चालत नाही. समुद्राची लाट तेथवर चढत जाण्यास आणखी काही तास घेते, आणि हे स्थानिक अंतर किती मिळवावयाचे हे विमलेश्वरच्या खलाशाला कोणत्याही छापील कोष्टकावाचून तोंडपाठ असते.

वेळ कळली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते. खंबातच्या आखातात, जेथे किनारे नरसाळ्यासारखे आवळत जातात आणि तळ उथळ होत जातो, तेथे भावनगरपाशी हीच चढउतार दहा मीटरांच्याही वर जाते. एवढे पाणी सुमारे सहा तासांत आत यावयाचे आणि तितक्याच वेळात बाहेर जावयाचे, म्हणून तेथील प्रवाहाला नदीच्या पुराचा वेग येतो. तोही सर्व वेळ सारखा नसतो. दर्यावर्दी लोकांचा ठोकळ हिशेब असा की, ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, आणि मग पुन्हा दोन व एक. दहा मीटरांचा उतार धरला तर तिसऱ्या एका तासातच अडीच मीटर पाणी निघून जाते. ताशी चार सागरी मैलांच्या प्रवाहात होडी तासभर आडवी राहिली तर ती सात किलोमीटरांहून अधिक बाजूला वाहून जाईल. म्हणून सुकाणू पैलतीरावरच्या इच्छित स्थळावर न धरता प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरावे लागते, आणि नवख्या यात्रेकरूस वाटते की नावाडी वाट चुकला.

येथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात, आणि हीच मला या प्रवासातील सर्वांत मनोरम गोष्ट वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी काठोकाठ भरते, होडी सहज तरंगते, परंतु बाहेरचा प्रवाह भयंकर. अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी भांग म्हणतात, प्रवाह सौम्य, परंतु खाडीत पाणी उणे. म्हणजे ज्या सप्तमीला जबलपुरात आम्ही रेवेचा जन्मोत्सव करतो, तेव्हाच तिच्या मुखाशी समुद्र तिच्याशी सर्वांत मृदुपणाने वागण्याच्या बेतात असतो, आणि तेव्हाच होडी चिखलात अडकण्याचा धोकाही अधिक. अनुभवी नावाडी या दोहोंच्या मधली तिथी निवडतो, वाऱ्याची दिशा पाहतो, आणि मग यात्रेकरूंना निघण्याचा हुकूम देतो. वारा प्रवाहाच्या उलट असला तर लाटा आखूड व उभ्या होतात. नैर्ऋत्येचा वारा ओहोटीच्या तोंडावर आला तर लहान होडीला तेथे थारा नाही. चातुर्मासात परिक्रमेला विराम द्यावा हा धर्मनियम आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मुदतीतील सरकारी मासेमारीबंदी, यांचे मूळ हेतू भिन्न असले तरी समुद्राची साक्ष दोहोंनाही एकच आहे.

ही विद्या किती जुनी आहे हे पाहावयाचे तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेले एरिथ्रियन समुद्राचे वर्णन उघडावे. भरुच, त्याच्या भाषेत बारिगाझा, हे तेव्हा पश्चिम किनाऱ्याचे प्रमुख बंदर होते. पैठणहून वीस दिवसांच्या आणि तेरहून त्याच्याही पलीकडे दहा दिवसांच्या वाटेने गाड्यांतून माल तेथे उतरत असे, म्हणजे आपल्या सातवाहन महाराष्ट्राचे वैभव याच भरतीवर तरंगत होते. तो लेखक बजावतो की, या नदीचे मुख सापडणे कठीण, आखाताच्या तोंडाशी तळ खडकाळ असल्याने नांगराचे दोर कापले जातात, आणि ओहोटीत सापडलेले जहाज गाळात उलटते. म्हणूनच राजाच्या चाकरीतील कोळी ‘त्रप्पग’ व ‘कोटुंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना ओढून आणीत: भरती लागताच चालावयाचे, ओहोटी आली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबावयाचे, पुन्हा भरतीबरोबर उठावयाचे, असे करीत मुखापासून तीनशे स्टेडिया (हे ग्रीक अंतरमाप) आत भरुचेपर्यंत. पुढे १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा भरुचवरील अंमल गेला, महसुलाची दफ्तरे एका हातातून दुसऱ्या हातात गेली. परंतु चढते पाणी कोणाच्याही सनदेची वाट पाहत राहिले नाही.

आज गाळाने आणि धरणांनी हे जुने कोष्टक हळूहळू बदलत आहे. वरून येणारे गोडे पाणी अडल्यापासून खारे पाणी भरुचेपर्यंत चढू लागले आहे, आणि ते रोखण्यासाठी भाडभूत येथे बंधारा उभा राहत आहे. २०१७ साली मोठ्या समारंभाने सुरू झालेली घोघा-दहेज जलवाहतूक दहेजच्या धक्क्यापाशी साचणाऱ्या गाळापुढे टिकली नाही, आणि २०२० मध्ये ती हजीऱ्याला न्यावी लागली. सर्व साधनसामग्रीनिशी आलेल्या मोठ्या नौकेला जेथे माघार घ्यावी लागली, तेथे लाकडी होडीचा खलाशी काठीला चिंधी बांधून दर ऋतूत नवे उथळ शोधून काढतो, याबद्दल मला त्याचा मनःपूर्वक आदर वाटतो.

मला खरी चिंता आहे ती यात्रेकरूंच्या घाईची. पूर्वी परिक्रमेची मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस असे. आमच्या जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनीसुद्धा १९७७ पासून ती खंडाखंडाने, नदीला हवा तितका अवकाश देऊन केली. आता रजा मोजकी असते, परतीचे आरक्षण हातात असते, आणि “आजच सोडा” असा तगादा नावाड्यामागे लागतो. मी पाहिले आहे की, भरती उलटून गेल्यावरही एका मंडळीने दीड तास हुज्जत घातली, आणि त्या म्हाताऱ्याने एक शब्द न बोलता काठीवरची चिंधी त्यांना दाखविली. तिच्याखाली चिखल उघडा पडला होता.

माझी प्रत्येक परिक्रमावासीयाला विनंती आहे की, विमलेश्वरसाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत, नावाड्याला तिथी विचारावी, पण घाई करू नये. आणि आपल्या वहीत त्या दिवसाची तिथी, वारा व वेळा यांची नोंद करून ठेवावी, म्हणजे छापील कोष्टकांत नसलेले हे ज्ञान निदान कागदावर तरी उरेल. माझी नोंद अशी आहे: माघ वद्य तृतीया, वारा उत्तरेचा, मंद, होडी तरंगली पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी, सुटली ५.४० ला, मीठी तलाईला पाय टेकले ९.३५ ला, गुडघाभर चिखलात.