कानाकोंपऱ्यांतील खजिना

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाकडे थोडा वेळ पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. पुढें जाण्याचा मार्ग स्पष्ट दिसत असतो. तरीहि तें मूल तिकडे न वळतां वाटेंतलें प्रत्येक मडकें फोडतें, प्रत्येक भिंत ठोकून पाहतें, प्रत्येक पेटी उघडून आंतला माल लुटतें. वडील माणसांस हा वेडेपणा वाटतो. वस्तुतः त्यांत वेड नसून हिशेब आहे. आणि तो हिशेब कसा मांडिलेला असतो, हें विद्यार्थी व पालक या दोघांनींहि समजून घेणें इष्ट आहे, असें आम्हांस वाटतें.

रानांतला दगड उचलला, तर त्याखालीं बहुधा मातीच निघते. खेळांतलें जग मात्र कोणीतरी मुद्दाम रचलेलें असतें, म्हणून तेथील दगडाखालीं कांहीं ठेविलें असण्याचा संभव मोठा. अटारी कंपनीच्या १९८० सालच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळांत वॉरन रॉबिनेट यांनीं स्वतःचें नांवच एका गुप्त खोलींत लपविलें होतें. कारण त्या काळीं ती कंपनी कर्त्याचें नांव जाहीर करीत नसे. एक बारीकसा ठिपका ज्याच्या नजरेस पडे, त्यालाच त्या खोलीची वाट सांपडे.

पुढें १९८६ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ निघाला. त्याचे एक प्रमुख रचनाकार शिगेरू मियामोतो हे क्योटोच्या वायव्येस असलेल्या सोनोबे गांवीं वाढले. तेथील डोंगररानांत भटकतांना व गुहा धुंडाळतांना बालपणीं लाभलेला आनंद त्यांनीं या खेळांत उतरविला. झुडूप जाळावें तों खालीं जिना दिसावा, कडा फोडावा तों आंत गुहा निघावी, अशी त्याची मांडणी आहे.

शोधणाऱ्यास बक्षीस देण्याच्या मुख्य रीति दोन. पहिलींत वस्तु ठरलेल्या जागीं असते व जवळ तिची खूणहि असते. २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळांत कोरोक नांवाचे चिमुकले वनवासी जीव ९०० ठिकाणीं दडलेले आहेत. दगडांच्या रिंगणांत एक दगड कमी दिसला, तर तो आणून ठेवावा. लगेच कोरोक प्रकट होऊन एक बी देतो. या बियांच्या मोबदल्यांत शस्त्रें बाळगण्याची जागा वाढते. गंमत अशी कीं, ही वाढ ४४१ बियांतच पुरी होते. सर्व ९०० जमविणारास शेवटीं मिळतो तो शेणाच्या गोळ्यासारखा एक सोनेरी पदार्थ, ज्याचा लढाईंत कांडीचाहि उपयोग नाहीं!

दुसरी रीत दैवाची. २००० सालच्या ‘डायब्लो २’ या खेळांत शत्रु पडला कीं त्याच्यापासून काय मिळेल, हें जणू फासे टाकूनच ठरतें. फर्स्टर व स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत कबुतरांवरील प्रयोग वर्णिले आहेत. किती वेळां टोंचल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला, कीं कबुतर न थांबतां टोंचीत राहतें. हाच स्वभाव ओळखून पुढें कांहीं कंपन्यांनीं आंत काय आहे हें न दाखवितां पेट्या पैशानें विकण्यास आरंभ केला. आणि बेल्जियमच्या जुगार-नियंत्रक मंडळानें २०१८ सालीं कांहीं खेळांतील अशा पेट्या जुगारांत मोडतात, असा निर्णय दिला.

या दोन रीति ओळखण्याचा उपाय सोपा आहे. पालकांनीं रागें भरण्यापूर्वीं मुलास विचारावें, “हें तुला कोठें व कसें सांपडलें?” भिंतीवरील तडा, एकाकी खडक, धबधब्यामागची सांवली असें कांहीं तें उत्साहानें सांगूं लागलें, तर त्याचे डोळे व बुद्धि कामास लागलीं आहेत, असें समजावें. “पुष्कळ वेळ मारीत राहिलों, शेवटीं मिळालें,” एवढेंच उत्तर आलें, तर काम फाशांनीं केलें, मुलानें केवळ वेळ दिला. आणि विद्यार्थ्यांनीं ते ४४१ व ९०० हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे. पिशवी भरली कीं घरीं परतावें, हें शहाणपण ज्याचें त्यानेंच आणावयाचें असतें. तें कोणत्याहि पेटींत ठेविलेलें नसतें.