लिहिणारे हात का थांबतात?

आपल्या ओळखीत असे कोणीतरी नक्कीच असेल, ज्यांनी कधीकाळी मोठ्या हौसेने ब्लॉग सुरू केला होता. एखाद्या शिक्षिका, निवृत्त झालेले चाचा, लग्नानंतर दुबईला गेलेली भाची. सुरुवातीला आठवड्याला एक लेख यायचा. नानीच्या हातचे सांदण, मोहल्ल्यातील जुनी शाळा, मुलाचा पहिला रोजा, मुलीच्या दहावीच्या अभ्यासाची धावपळ. नंतर महिन्याला एक. नंतर फक्त ईदला. आज तो ब्लॉग उघडला तर शेवटची तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची दिसते.

विचारले तर उत्तर ठरलेले, "वेळच मिळत नाही." थोडे बोलते केले की खरी कारणे बाहेर येतात आणि ती सगळी लहानसहान असतात. रोज पायात रुतणाऱ्या बारीक खड्यांसारखी. एका खड्याने कोणी चालणे सोडत नाही, पण दहा खडे झाले की माणूस बसून घेतो.

ही गोष्ट किरकोळ समजू नये. मुसलमानांविषयी समाजमाध्यमांवर रात्रंदिवस बोलले जाते. मुसलमानांच्या घरातून, मराठीत, शांतपणे बोलणारे मात्र मोजकेच. त्यांतील एक जण गप्प झाला की आपल्या घराची ओळख दुसऱ्यांनी सांगितलेली तेवढी उरते. म्हणून हे खडे कोणते आणि ते कसे वेचायचे, ते पाहू या.

अक्षरांची कटकट

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही पुष्कळांचे जुने लेखन डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असते. ते फोनवर चिकटवले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मजकूर एकदा बदलून, तपासून ठेवला की काम कायमचे होते.

दुसरी कटकट 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' अशा शब्दांची. साधा र वापरला की 'दुसर्या' उमटते आणि कोणीतरी शुद्धलेखनावरून टोमणा मारतो. खाली टिंब असलेला ऱ निवडून हलन्त दिला की शब्द नीट येतो. बोलून टाइप करणाऱ्यांची तक्रार आणखी वेगळी. 'वुजू', 'सहरी', 'फजर' हे शब्द फोन अनेकदा भलतेच ऐकतो. असे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा घालून ठेवले, तर निदान हाताने टाइप करताना ते चटकन समोर येतात.

आणि आपल्या शब्दांची रूपे तरी किती! रमजान, रमझान, रमज़ान. आपल्याला तिन्ही एकच. यंत्राला ते तीन वेगळे शब्द. लेख शोधणाऱ्याला तो सापडत नाही, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. एक रूप ठरवून लेखभर तेच वापरावे आणि बाकीची रूपे लेबलमध्ये लिहावीत.

लेख पोहोचला, नाव गळाले

सर्वांत जास्त मन कशाने दुखत असेल तर ते याने. दोन रात्री जागून लिहिलेला लेख आठ दिवसांनी आपल्याच व्हॉट्सॲपवर परत येतो; खाली नाव नाही, किंवा दुसऱ्याचेच नाव. पाठवणाऱ्याला कल्पनाही नसते की लेखिका याच ग्रुपमध्ये आहे.

कायदा इथे लिहिणाऱ्याच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतः लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. लेखकाचे नाव लागणे हाही त्याचा हक्क आहे. पण एका पोस्टसाठी कोणी कोर्टात जात नाही. व्यवहारात उपयोगी पडते ते एवढेच: नाव फक्त शेवटी न लिहिता लेखाच्या मध्यात कुठेतरी वाक्यातच गुंफावे, ब्लॉगचा पत्ता सोबत द्यावा आणि चोरी दिसली तर शांतपणे, पुराव्यासह कळवावे. बहुतेक लोक चोर नसतात, निष्काळजी असतात.

वाचकांवरही याची जबाबदारी येते. कोणाची मेहनत नाव पुसून पुढे पाठवणे हा अमानतीचाच प्रश्न आहे. नाव माहीत नसेल तर निदान "लेखक माहीत नाही" असे लिहावे.

लाइकचा तराजू

फेसबुकवर लाइकचे बटण २००९ साली आले. तेव्हापासून मनातली गोष्ट मनाच्या तराजूत न तोलता अंगठ्यांच्या संख्येत तोलण्याची सवय लागली. वडिलांच्या आठवणीवर लिहिलेल्या लेखाला ११ लाइक आणि बिर्याणीच्या ताटाला २००! लिहिणाऱ्याला वाटते, आपले लिखाण कोणाला नकोच आहे.

प्रत्यक्षात पुष्कळदा लेख लोकांना नापसंत नसतो, तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. कोणाला काय दाखवायचे हे कंपनीचे गणित ठरवते आणि ते गणित बदलत राहते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की पेजेसच्या मजकुरापेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना वर ठेवले जाईल. त्यानंतर हौसेने पेज चालवणाऱ्या अनेकांना आपले वाचक अचानक कुठे गेले हेच कळेना. इन्स्टाग्रामने तर २०२१ मध्ये लाइकचा आकडा लपवण्याची सोयच दिली. ती जरूर वापरावी. आणि खरे वाचक १५ असले तरी त्यांना लेख स्वतः पाठवावा, त्यांचे म्हणणे विचारावे. १५ माणसे बैठकीत जमली तर आपण त्याला गर्दीच म्हणतो.

फॅमिली ग्रुपची गंमत आणि धोका

सकाळी फजरनंतर फोन हातात घ्यावा तर ८० मेसेज. गुलाबाची फुले, जुम्म्याच्या मुबारकबादी, मधुमेहावर अक्सीर इलाज आणि दरवर्षी न चुकता येणारा तो मेसेज, की रमजानची खबर जो सर्वांत आधी देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम. अशी कोणतीही विश्वसनीय हदीस नाही, हे उलेमांनी वारंवार सांगितले आहे. तरी दर शाबानमध्ये तो मेसेज येतोच, आणि पाठवणारे बहुधा घरातले सर्वांत मोठे असतात. त्यांना टोकावे तर बेअदबी, गप्प बसावे तर खोट्याला साथ.

यातून मार्ग आहे. ग्रुपमध्ये सर्वांसमोर चूक दाखवू नये. फोन करावा, सलाम-दुआ करावी आणि म्हणावे, "मामूजान, आपण पाठवलेल्या हदीसविषयी इमामसाहेबांना विचारले, ते असे म्हणाले." मोठ्यांचा मान राहतो आणि खबरही दुरुस्त होते. बातमी आली की आधी शहानिशा करावी, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहेच. तो फोनमधल्या बातमीलाही लागू आहे.

शहानिशा न केल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी भटकत आलेले ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पण खरी मर्यादा आपल्या अंगठ्यावर हवी.

बाकी त्रासासाठी साधे उपाय आहेत. ग्रुप कायमचा म्यूट करता येतो, आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोणी सामील करावे हेही सेटिंगमध्ये ठरवता येते. म्यूट करणे म्हणजे नाते तोडणे नव्हे.

दोन्हीकडून मार

आपल्या मुली-बहिणी लिहू लागल्या की त्रास दुहेरी होतो. शीरखुर्म्याच्या कृतीखालीही कोणीतरी धर्मावरून घाण शेरा टाकून जातो. आणि आपल्यातलाच दुसरा कोणी, लेख न वाचता, ओढणी, आवाज आणि फोटो यांवर फतवा देतो. पहिल्याला बाईचे मुसलमान असणे खुपते, दुसऱ्याला तिचे बोलणे.

जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये तर हद्द झाली. बोलत्या-लिहित्या मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी ॲप काढली गेली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकाही केल्या. तरी कितीतरी घरांत त्या बातमीनंतर पहिली गोष्ट काय झाली? मुलीचे खाते बंद करायला लावले. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

तिला खबरदारी जरूर शिकवावी. फेसबुकचे प्रोफाइल लॉक करता येते. ब्लॉगवरील प्रत्येक प्रतिक्रिया मंजुरीनंतरच दिसेल अशी सोय असते. फोटो न लावता, टोपणनावानेही लिहिता येते. कोणी धमकी दिली किंवा फोटोचा गैरवापर केला, तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा, मग ब्लॉक करावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या तक्रारीसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पण या सगळ्याआधी तिला एवढे ठाऊक हवे, की असे काही घडले तर घरात सांगता येईल आणि सांगितल्यावर आधी तिलाच दोष दिला जाणार नाही.

भाड्याचे घर

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा खडा. ऑर्कुट आठवते? ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. गुगल प्लसची सामान्य वापरकर्त्यांची सेवा २ एप्रिल २०१९ रोजी संपली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि लोकांची मेहनत एका रात्रीत दिसेनाशी झाली. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात. पासवर्ड विसरला, जुना नंबर बंद पडला, एवढ्यावरही वर्षांचे लिखाण हातचे जाते.

या सर्व जागा भाड्याच्या आहेत. घरमालक कधी दार बंद करील सांगता येत नाही. म्हणून सामानाची एक प्रत आपल्याजवळ हवी. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये एक्सपोर्ट आहे. तीन महिन्यांतून एकदा ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, ओटीपी कोणालाही सांगू नये. निवडक २०-२५ लेखांची छापील प्रत काढून, साधे स्पायरल बाइंडिंग करून घरच्या कपाटात ठेवली, तर त्याला ना वीज लागते ना पासवर्ड. नातवंडांना पडदादीच्या हाताची चव तिथेच सापडेल.

घरच्यांनी काय करावे

वरचे निम्मे खडे लिहिणारा एकटा वेचू शकतो. उरलेले निम्मे घरच्यांच्या हातात आहेत. भाऊ बॅकअप घेऊन देऊ शकतो. मुलगी अब्बांचा जुना फॉन्ट बदलून देऊ शकते. शौहर रविवारी एक तास मुले सांभाळू शकतात, म्हणजे "वेळ मिळत नाही" या उत्तराचीही गरज उरणार नाही. आणि सगळ्यांना जमेल असे एक काम आहे: अंगठा न दाखवता लेख खरोखर वाचावा आणि दोन ओळी लिहाव्यात, की कोणता भाग आवडला, कोणती गोष्ट राहून गेली.

ओळखीतल्या ज्यांचा ब्लॉग बंद पडला आहे, त्यांना या आठवड्यात एक फोन करा. त्यांच्या जुन्या लेखांपैकी एखादा आठवत असेल तर तो सांगा आणि विचारा, पुढचा कधी येणार? इन्शाअल्लाह, उत्तर येईल.