अस्थिजनन-नियामक प्रथिने

अस्थिजनन-नियामक प्रथिने : कोशिकेच्या केंद्रकातील डीएनएवरील विशिष्ट क्रमांना बद्ध होऊन अस्थिनिर्मितीस आवश्यक अशा जनुकांचे कार्य सुरू वा बंद करणारी प्रथिने. शरीरातील बहुतेक कोशिकांत जनुकांचा संच सारखाच असतो. तरीही एखादी कोशिका अस्थी घडविते, तर दुसरी मेद साठविते. कोणते जनुक केव्हा कार्यान्वित व्हावयाचे, हे ठरविण्यात या प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

यांपैकी रन्‌क्स-२ हे प्रमुख होय. ते सीबीएफ-बीटा या सहकारी प्रथिनाशी संयोग पावून ऑस्टिओकॅल्सिनासारख्या अस्थि-प्रथिनांच्या जनुकांना चालना देते. १९९७ मध्ये तोशिहिसा कोमोरी व फ्लोरियन ऑटो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे या जनुकाच्या दोन्ही प्रती नष्ट केलेले उंदीर निर्माण केले. त्या पिलांत उपास्थींचा (कूर्चांचा) सांगाडा तयार झाला होता. अस्थी मात्र मुळीच नव्हती. जन्मल्यावर श्वसन न झाल्याने ती लगेच मेली.

मानवात सहाव्या गुणसूत्रावरील या जनुकाची एकच प्रत सदोष असल्यास जत्रुक-करोटी दुर्विकास ही विकृती उद्‌भवते. जत्रुके (गळ्याजवळची आडवी हाडे) अपुरी असतात किंवा नसतातच. त्यामुळे काही रुग्ण दोन्ही खांदे छातीपुढे एकत्र आणू शकतात. सामान्यतः दीड वर्षाच्या सुमारास भरणारी टाळू अनेक वर्षे उघडी राहते. जादा दात हिरड्यांत अडकून कायमचे दात उगवत नाहीत, आणि रुग्णाला खरा त्रास बहुधा याचाच होतो. बुद्धी सर्वसाधारणपणे प्राकृत असते. उघड्या टाळूमुळे मुडदुसाची शंका येऊ शकते; म्हणून खांदे व दात तपासणे अगत्याचे ठरते. ही विकृती प्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होत असल्याने रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास ती होण्याची शक्यता निम्मी असते. मात्र मातापिता निरोगी असूनही नव्या उत्परिवर्तनामुळे ती उद्‌भवू शकते.

ऑस्टेरिक्स हे दुसरे प्रथिन २००२ मध्ये ज्ञात झाले. त्याच्या अभावी रन्‌क्स-२ असूनही अस्थी बनत नाही; अर्थात त्याचे कार्य नंतरच्या टप्प्यावर असते. उपास्थीच्या घडणीवर सॉक्स-९ चे नियंत्रण असते.

रन्‌क्स-२ चे आधिक्यही अपायकारकच असते. अस्थिजनक कोशिकांत ते अतिरिक्त प्रमाणात निर्माण करणाऱ्या उंदरांत (२००१) कोशिकांचे परिपक्वन खुंटले व हाडे ठिसूळ होऊन मोडली. त्यामुळे अस्थिक्षयावर हे प्रथिन केवळ वाढवून उपचार करणे, वाटते तितके सरळ नाही.