पाचट पेटलं, नकाशावर उमटलं

माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. तोडणी उरकली की अनेक फडांत पाचट पेटवलं जातं. तो जाळ घरबसल्या पाहायचा तर नासाचा 'फर्म्स' हा मोफत नकाशा उघडा. उपग्रह डोक्यावरून गेला की साधारण ३ तासांत आगीचा ठिपका उमटतो. मात्र एक ठिपका म्हणजे निदान ३७५ मीटर बाजूचा चौकोन, जवळपास ३५ एकर! त्यावरून शेजाऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवू नका. ढग असले तर आग निसटते. धूर किती घातक, हेही नकाशा सांगत नाही.

आगीसाठी जसा हा नकाशा, तसा नळयोजनेच्या पाण्यासाठी जलजीवन मिशनचा डॅशबोर्ड आहे: गाव निवडा, तपासणीचे निकाल वाचा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाची दूध पावडर त्याच पाण्यात कालवत असाल, तर हा आकडा सगळ्यात आधी बघा.