विश्लेषण : टेक्नो संगीताची ‘प्रगती’ कशी मोजायची?

बर्लिनमधील टेक्नो संस्कृतीचा मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला. ‘भविष्याचे संगीत’ म्हणून जन्मलेला प्रकार चाळिशीत वारसा ठरला. तेव्हा टेक्नो अजून पुढे जाते आहे की जागच्या जागी फिरते आहे? आणि पुढे जाणे म्हणजे नेमके काय?

टेक्नोचा उगम कुठला?

यंत्रावर वाजणारा एकसारखा ठोका आणि त्यावर सिंथेसायझरची आवर्तने, हे टेक्नोचे ढोबळ रूप. गायन बहुधा नसते. अमेरिकेतील डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल येथे एकाच शाळेत शिकलेले वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे कृष्णवर्णीय तरुण त्याचे जनक मानले जातात. मोटारउद्योग ओसरत चाललेल्या या शहरात त्यांनी जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’चे यांत्रिक सूर आणि अमेरिकी फंकची लय एकत्र आणली. अ‍ॅटकिन्स यांचे ‘नो यूएफओज’ १९८५ मध्ये आले. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या संकलनामुळे ‘टेक्नो’ हे नाव रूढ झाले.

नवे यंत्र आले की प्रगती होते का?

तसे दिसत नाही. जपानच्या रोलँड कंपनीचे ‘टीबी-३०३’ हे यंत्र वादकांना बेस गिटारची साथ मिळावी म्हणून तयार झाले. त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा नव्हता, विक्रीही झाली नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद पडले. शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाने तेच यंत्र घेतले आणि ते वाजत असतानाच त्याचे नॉब फिरवत आवाज पिळवटला. त्यातून १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आले. ते हाउस या भावंड-प्रकारातले, पण तो आवाज टेक्नोनेही उचलला. म्हणजे यंत्र जुने, वापर नवा.

मग जो पहिला, तोच पुढचा का?

इथे मुंबईचे उदाहरण बोलके आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच ‘३०३’ आणि ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. आज ते ऐकणारा चकित होतो, कारण ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ला अजून पाच वर्षे होती. पण तेव्हा ही तबकडी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. शोध मोठा होता, पण तो पुढे नेणारे कोणी भेटले नाही. प्रगतीला पहिला माणूस लागतो, तसा दुसरा आणि तिसराही लागतो.

वेग वाढणे म्हणजे पुढे जाणे का?

करोनानंतर युरोपातील अनेक क्लबांत मिनिटाला १४० हून अधिक ठोक्यांचे टेक्नो लोकप्रिय झाले. पण नव्वदच्या दशकात रॉटरडॅमचे ‘गॅबर’ याहून वेगवान होते. उलट त्याच दशकात डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूड यांनी ‘मिनिमल नेशन’मध्ये (१९९४) एकेक थर काढून टाकला, तर बर्लिनच्या ‘बेसिक चॅनल’ने जमैकाच्या डब संगीतातील प्रतिध्वनी टेक्नोत आणला. दोघांनीही वेग वाढवला नाही, तरी पुढच्या पिढीचा कान बदलला.

वारसा ठरल्याने काय बदलेल?

अशा मान्यतेमुळे क्लबांच्या जागा आणि सरकारी मदत यासाठी बोलणे सोपे होते. वाढत्या भाड्यांच्या बर्लिनमध्ये ही छोटी गोष्ट नाही. मात्र यादीत नाव बर्लिनचे आहे. भिंत पडल्यानंतर १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेझॉर’ क्लबने आपल्या नाममुद्रेवर पहिली तबकडी काढली, ती डेट्रॉइटच्याच कलावंतांची. हे श्रेय पुसले गेले, तर वारसा अर्धाच जपला जाईल.

म्हणून टेक्नोचे नवे काही कानावर आले की तीन प्रश्न विचारावेत. साधन वेगळ्या रीतीने वापरले आहे का? ते ऐकून दुसऱ्याला काही करावेसे वाटते का? आणि ज्यांच्याकडून घेतले, त्यांचे नाव घेतले आहे का? मिनिटाला ठोके किती, हा प्रश्न त्यानंतरचा.